माझ्या आवाजाची वाटणी

पलंगाची मोठी चादर घडी करायला दोन माणसे लागतात. दोघांनी दोन-दोन टोके धरायची, ताणायची, झटकायची आणि एकमेकांकडे चालत यायचे. छत्तीस वर्षांपूर्वीच्या एका साध्या दुपारी, आईच्या लाँड्रीत, मी आणि ज्याच्याशी पुढे माझे लग्न झाले तो, एका हॉटेलच्या चाळीस चादरी अशा घडी करत होतो. तिसरा साबणाच्या पत्र्याच्या डब्यावर बसून गिटारच्या खुंट्या पिळत होता, मान नेहमीप्रमाणे खाली. मागे कपडे वाळवायचे मोठे मशीन घुमत होते. ते मध्येच बंद करता येत नसे आणि त्याच्या घुमण्यात गिटारचे सूर लावणे शक्य नव्हते. शेवटी कंटाळून त्याने गिटारच त्या घुमण्याला जुळवली.

"ऐका," तो म्हणाला. "मशीन आणि तार एकच बोलतायत."

"मशीन निदान काम तरी करतं," आई काउंटरवरून म्हणाली. "तुला इथं बसायचं असेल तर ते मोजे जोडीनं लाव."

त्याने मोजे जोडीने लावले. आमच्या बँडचा जन्म त्या दुपारी झाला, असे मी मानते.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत. मी म्हटले, मला जे वाटून द्यायचे आहे त्यातले बहुतेक सगळे तिथूनच सुरू होते. त्या म्हणाल्या, मग त्याच्या खाली नेहमीचेही लिहा. तर तेही लिहिते.

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे पासष्ट, लाँड्रीवालीची मुलगी आणि नंतर पंचवीस वर्षे स्वतः लाँड्रीवाली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर माझी प्रकृती उत्तम आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, की भरीस घातलेले नाही. मुलीने एका बाबतीत घालून पाहिले, ते पुढे येईलच. सहा वर्षांपूर्वी, माझे पती वारले त्या वर्षी, मी एक मृत्युपत्र केले होते. ते आज रद्द करते. त्यात घराचे आणि बँकेचे ठीक लिहिले होते. पाचवे कलम चुकीचे होते, आणि एका माणसावर अन्याय करणारे होते. त्या एका कलमापायी हा सगळा कागद नव्याने लिहावा लागतो आहे.

कलम १. राहते घर

लाँड्रीच्या वरचे तीन खोल्यांचे घर आणि खालची जागा माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. खालच्या जागेत आता सायकली भाड्याने मिळतात. भाडेकरू सज्जन आहे, त्याला काढू नये. स्वयंपाकघराची खिडकी उघडताना आधी थोडी आत ओढावी लागते आणि मग बाहेर ढकलावी लागते. हे माझ्या पश्चात कोणाला ठाऊक नसेल, म्हणून लिहून ठेवले.

कलम २. बँकेतली शिल्लक

जे असेल ते मुलीचे. त्यातून तिने एक करावे: माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या गायनवर्गाला टेकता येईल अशा पाठीच्या खुर्च्या घेऊन द्याव्यात. आम्ही सात वर्षे तिथे बाकांवर ताठ बसून गायलो. शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, "मुलींनो, जिचा आवाज मला वेगळा ऐकू येईल ती चुकली." मग तीस मुलींचा मिळून एक आवाज व्हायचा. त्यात मी कुठे संपते आणि शेजारची कुठे सुरू होते हे मला कळत नसे. तसले सुख मला आयुष्यात आणखी एकाच ठिकाणी मिळाले, ते आमच्या बँडमध्ये. लोकांना या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी वाटतात. तिकडे पांढरे मोजे आणि शिस्त, इकडे कानठळ्या बसवणारा गोंगाट. मला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. सिस्टरांना हे पटले नसते, पण त्यांनी ऐकून घेतले असते.

कलम ३. बँडचे सामान

आमचा बँड ज्यांना माहीत नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, त्यांच्यासाठी थोडे सांगते. बँडचे नाव 'वाफ'. ड्रमवर माझे पती, गिटारवर खालमान्या, आणि गायला मी. खालमान्या हे नाव आईने ठेवलेले. वाजवताना तो समोर कधी बघायचाच नाही. पायाशी गिटारचा आवाज बदलणारी सात पेडले मांडलेली असत, एखादे सूर लांबवणारे, एखादे घुमवणारे, एखादे पार चिरडून टाकणारे, आणि त्याची नजर कायम त्यांच्यावर. पुढे असे बुटांकडे बघत वाजवणारे जगात पुष्कळ निघाले आणि त्या संगीताला 'शूगेझ' म्हणू लागले. आम्हाला ते नाव ठाऊक नव्हते. आम्हाला वाटायचे, हा लाजतो.

मी खरी ऑर्गन वाजवणारी. पण गिटार मशीनला जुळवलेली, आणि मशीनचा सूर ऑर्गनच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध पडणारा. ऑर्गनला पिळायला खुंटी नसते. म्हणून मी गायला लागले. आजही आमच्या रेकॉर्डबरोबर घरी बसून कोणाला वाजवता येत नाही. तरुण मुले पत्र पाठवून विचारतात की हा नक्की कोणता सूर. मी कळवते, चादरी वाळवायचा.

तालाचेही तेच. मशीनच्या पिंपात कुणाच्या तरी कोटाचे बटण अडकले होते आणि दर फेरीला टक् व्हायचे. माझे पती त्या टक्‌वर ड्रम वाजवायचे. एखादा सूर आवडला की आम्ही टेपचा तेवढा तुकडा कापायचो, टोके चिकटवायचो आणि तो इस्त्रीच्या टेबलाच्या पायाभोवती फिरवत ठेवायचो, म्हणजे तेच दोन सेकंद पुन्हा पुन्हा वाजत राहत. कधी टेप उलटी चालवायचो. मग ड्रमचा ठोका आत ओढलेल्या श्वासासारखा यायचा. कार्यक्रमात मागे चादरी टांगायचो, काचेच्या वाडग्यात पाणी, तेल आणि शाई, आणि खालून दिवा. सगळ्या चादरींवर रंग पोहायला लागत. चादरी हॉटेलच्या असत, हे आता सांगायला हरकत नाही. हॉटेल बंद पडले.

हे संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नुसता आवाजाचा लोट वाटतो. घाई केली नाही तर आत वाट सापडते. वाफेने भरलेल्या खोलीत आधी काहीच दिसत नाही, मग टेबलाची कड दिसते, मग खुंटीवरचा सदरा, मग कोणीतरी उभे आहे असे वाटते. तेवढेच. मला तेवढेच पुरते.

आता वाटणी. ड्रम जो मागेल त्याला द्यावेत. मागणाऱ्याने ते स्वतः जिना उतरवून न्यावेत. ऑर्गन मुलीला नको आहे, तिने तसे माझ्या तोंडावर सांगितले आहे, म्हणून तो शाळेला. बिस्किटांच्या डब्यात चार पेडले होती. ती खालमान्याची. बँड मोडला त्या दिवशी मी ती रागाने उचलून आणली होती. जे माझे नव्हतेच ते मला मृत्युपत्रात देता येत नाही, म्हणून गेल्या महिन्यात डब्यासकट परत केली.

कलम ४. राग

वकीलबाई म्हणतात, राग ही मिळकत धरत नाहीत. मी काही राग या घरापेक्षाही जास्त वर्षे सांभाळले आहेत, तेव्हा त्यांचीही व्यवस्था लावते.

समोरच्या इमारतीतल्या गृहस्थाने आमच्या सरावाबद्दल तीनदा तक्रार केली आणि चौथ्यांदा स्वतः येऊन रेकॉर्ड विकत मागितली. "एवढं सहन केलंय, निदान घरी तरी असू दे," म्हणाला. त्याच्यावरचा राग तेव्हाच फिटला.

एका समीक्षकाने लिहिले होते की गायिका बहुधा शेजारच्या इमारतीत उभी असावी. त्याला मी काही ठेवत नाही. वाक्य चांगले होते, एवढे कबूल करते.

तिसरा राग खालमान्यावरचा. त्यासाठी वेगळे कलम आहे.

कलम ५. टेपा

रेकॉर्डच्या आदल्या हिवाळ्यात आई गेली. ती पडली त्या दिवशी आम्हाला तीन तासांवरच्या गावी वाजवायला जायचे होते. हॉटेलच्या चादरी धुऊन ओल्याच पडल्या होत्या. आई म्हणाली, "पाय दुखतायत गं. एवढ्या मशीनमध्ये टाकून जा." मी बुटांची नाडी बांधत म्हटले, "उद्या करते, आई." आम्ही गेल्यावर ती स्वतः टाकायला गेली आणि ओल्या फरशीवर पडली. अकरा दिवस दवाखान्यात होती. त्या अकरा दिवसांत ती एक शब्द बोलली नाही, आणि मला जे बोलायचे होते ते मीही बोलले नाही.

पुढे तीन रविवार लाँड्री बंद असताना आम्ही रेकॉर्ड केली. दुसऱ्या बाजूला एकच सलग गाणे आहे, एकोणीस मिनिटांचे, कारण मशीन एकदा लावले की एकोणीस मिनिटे चालायचे. त्यात मी एकच ओळ गायले आहे: उद्या करते, आई. एकोणीस मिनिटे तीच ओळ. कधी सरळ, कधी लांबवून, कधी शाळेत एकीमागून एक गायचो तशी, माझ्याच मागून मी. माझे गाणे तिसऱ्या रविवारी झाले. ड्रमचे काम आधीच संपले होते आणि माझे पती उसने आणलेले मायक्रोफोन परत करायला गेले होते. लाँड्रीत मी आणि खालमान्या, दोघेच होतो.

रेकॉर्ड निघाली. तिच्यात माझा आवाज असून नसल्यासारखा. गिटारच्या लोटात कुठेतरी बाई आहे असे भासते, पण ती काय म्हणते ते कोणाच्या बापाला कळत नाही. वर्षभराने एका मासिकाचा माणूस आला आणि त्याने विचारले, तुमचा आवाज ऐकू का येत नाही? खालमान्या माझ्या शेजारीच बसला होता. मी म्हटले, "याला विचारा. यानं पुरला."

खालमान्याने बुटांकडे पाहिले.

ते छापून आले. घरी माझ्या पतींनी मला विचारले, "खरंच त्यानं केलं?" मी हो म्हटले. ते दोघे बालवाडीपासूनचे मित्र. माझ्या पतींनी त्याच्याशी बोलणे टाकले, आणि बँड तिथेच मोडला. पुढे मुलगी झाली, मोठी झाली, आणि घरात जशा काही गोष्टी सगळ्यांना माहीतच असतात तशी तिलाही ही माहीत झाली: आईचा आवाज त्या माणसाने दाबला. माझे पती गेले त्या दिवशी खालमान्या आला होता. जिन्यात उभा होता. मी निरोप पाठवला की वर येऊ नकोस. पहिल्या मृत्युपत्रातले पाचवे कलम असे होते: टेपा मुलीला द्याव्यात, आणि त्यांना गिटारवादकाचा हात लागू देऊ नये.

या वर्षी एका कंपनीने रेकॉर्ड पुन्हा काढायचे ठरवले. त्यांचा माणूस म्हणाला, आता प्रत्येक आवाज वेगळा काढता येतो, बाईंचा आवाज छान पुढे आणू. सोबतच्या पुस्तिकेत 'चौतीस वर्षे पुरलेला आवाज' असा मथळा द्यायचा त्यांचा विचार होता. मुलगी हरखून गेली. "आई, आता तरी लोकांना ऐकू दे तुला," ती म्हणाली. "त्यानं दाबलं ते दाबलं, पुढंही दाबूनच ठेवायचं का?"

मुलगी लोकांचे कान तपासून त्यांना कानातली यंत्रे बसवून देते. तिच्याकडे बाहेरचा आवाज न येणारी एक लहानशी खोली आहे, त्यात बसवून ती माणसांना बारीक शिट्ट्या ऐकवते. टेपांच्या प्रती होऊन आल्या तेव्हा आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून त्या खोलीत बसलो आणि हेडफोन घालून टेपवरची फक्त माझ्या आवाजाची पट्टी लावली. एकोणीस मिनिटे झाली. मशीन थांबल्याचे ऐकू आले. खालमान्याने टेप लगेच बंद केलेली नव्हती आणि माझ्यापुढचा मायक्रोफोन चालूच होता. पुढचे जसेच्या तसे लिहिते.

मी म्हणते, "हे खाली घे."

तो विचारतो, "किती?"

"अगदी. नसला तरी चालेल. शब्द कळता कामा नयेत."

"मग गायलीस कशाला?"

"गायल्याशिवाय राहवेना म्हणून. आणि हे मी सांगितलं असं कुणाला बोलू नकोस. त्यालाही नाही."

"बरं."

मग खुर्ची सरकते आणि टेप संपते.

मुलीने कानावरचे हेडफोन काढले. त्यांची वायर नीट गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं बाबा कुणावर रागावले होते?"

त्या मासिकवाल्यासमोर मी जाणूनबुजून खोटे बोलले, की तोवर खरोखर विसरले होते, हे मला आज शपथेवर सांगता येत नाही. आई गेल्यानंतर मी डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्यांवर होते आणि त्या महिन्यांतले मला फारसे आठवत नाही. पण गोळ्या एक वर्षच होत्या. उरलेली वर्षे माझीच आहेत.

मुलीने दोन आठवडे फोन केला नाही. मग एके दिवशी केला आणि विचारले, "जेवलीस का?" मी म्हटले, "हो." "काय?" "भात." एवढेच बोलणे झाले, पण त्यानंतर ती रोज करते.

खालमान्या शिलाई मशीन दुरुस्त करतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचे दुकान आहे, एका मोठ्या टेबलाएवढे. मी गेले तेव्हा तो एका मशीनच्या पोटात डोके घालून बसला होता. मी टेपवर काय आहे ते सांगितले.

"आठवतं मला," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलू नको म्हणालीस."

"अरे, पण मीच चार लोकांत तुला बोल लावला, तेव्हा तरी?"

"तेव्हा काय सांगणार होतो? तिनंच सांगितलं म्हणून? मग तो मासिकवाला पुढचं विचारणार, का सांगितलं. मग आईचं निघालं असतं. त्या माणसासमोर." त्याने एक स्क्रू तळहातावर घेतला आणि नीट पुसला. "मला वाटलं, घरी गेल्यावर तू त्याला तरी खरं सांगशील."

मी त्याच्या टेबलावर आडवे पडलेले एक रिकामे रीळ उभे केले.

"एकदा आलो होतो तुमच्याकडं, त्याला सांगून टाकावं म्हणून," तो म्हणाला. "वरून ड्रम वाजत होते. एकटाच वाजवत होता. दारातून परत फिरलो. ती माझी चूक."

"तुझी नाही रे."

"असू दे की थोडी माझी पण. सगळी तूच ठेवून घेशील का?"

मी त्याला म्हटले, टेपा मी तुझ्या नावावर करते. तो म्हणाला, "तू गेल्यावर टेपा घेऊन मी काय करू? वरचे सूर आता मला ऐकूच येत नाहीत. सात-सात पेडलं लावून वाजवलं, त्याचं फळ आहे. तुझ्या पोरीकडंच येणार आहे कान दाखवायला, सवलत देते का विचार."

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. म्हणजे मी जे कबूल करते आहे ते त्याने माझ्या मागे वाचायचे, आणि तोवर तो तरी असेल की नाही कोण सांगणार. साक्षीदार मात्र आज, माझ्यासमोर बसतो. वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, पण तुम्ही वाचायला दिलात तर कोणी अडवणार नाही. एकच आहे, जो साक्षीदार होईल त्याला या कागदाने काहीही देऊ नका. त्याच्या दुकानात जाऊन मी हे त्याच्यापुढे मांडले: काहीतरी मिळणार, नाहीतर वाचायला मिळणार.

"वाचायला दे," तो म्हणाला. "चष्मा घेऊन येतो."

राहिला प्रश्न आवाजाचा. मुलगी आजही म्हणते की तो वर आणावा. आता तिचे कारण वेगळे आहे. "आजीला मी पाहिलंच नाही," ती म्हणते. "तू तिला काय म्हणालीस, ते तरी उघड असू दे की." तिने मला भरीस घालून पाहिले असे वर लिहिले ते हेच, आणि रागाने नाही, मायेने घातले. खालमान्याला विचारले तर म्हणाला, "आवाज तुझा आहे. तू ठरव." पूर्वी एकदा मी ठरवले आणि दोष त्याला दिला. या वेळी ठरवते आणि खाली माझीच सही करते.

प्रायश्चित्त म्हणून आवाज वर आणावा, असे मलाही पुष्कळ दिवस वाटत होते. लोकांनी शब्द ऐकावेत, बाईने आईला काय उत्तर दिले ते कळावे, काय म्हणायचे ते म्हणावे. पण त्या बंद खोलीत मी माझा एकटीचा आवाज ऐकला आहे. सुरात आहे, नीट आहे, एका बाईचा आहे. नंतर घरी येऊन जुनी रेकॉर्ड लावली. तिच्यात ती बाई आहे, तिचा नवरा आहे, त्याचा मित्र आहे आणि तिच्या आईचे मशीन आहे, आणि कोण कुठे संपते ते सांगता येत नाही. बाईला ओढून पुढे उभे केले तर बाकीच्यांना मागे ढकलावे लागेल. माझ्या नवऱ्याला आणि त्याच्या मित्राला मी एकदा ढकलले आहे. पुन्हा ढकलणार नाही.

माझ्या पतींना खरे सांगायचे राहिले. त्याची वाटणी कोणातही करता येत नाही. ते माझ्या नावावरच राहील.

कलम ६. कोणाला काय

मूळ टेपा, एकूण नऊ, मुलीला द्याव्यात. त्या उभ्या ठेवाव्यात, कोरड्या जागी, उन्हापासून लांब. खालमान्याला त्या जेव्हा पाहाव्याशा वाटतील तेव्हा मुलीने दार उघडावे. हे त्याला दिलेले काही नाही, घरी आलेल्या माणसाशी कसे वागावे एवढेच आहे.

रेकॉर्ड पुन्हा काढायची कंपनीला परवानगी आहे. ती चौतीस वर्षांपूर्वी होती तशीच निघावी. एकही आवाज वर किंवा खाली करू नये. पुस्तिकेत हे वाक्य छापावे: "गायिकेचा आवाज गायिकेच्याच सांगण्यावरून खाली ठेवला आहे." 'पुरलेला' हा शब्द कुठेही येऊ नये. कंपनीला हे मान्य नसेल तर रेकॉर्ड काढू नये.

रेकॉर्डमधून काही आलेच तर त्याचे तीन समान भाग करावेत, कारण वाजवणारे तिघे होतो. माझा आणि माझ्या पतींचा भाग मुलीचा. तिसरा भाग खालमान्याचा आहे. तो मी देत नाही, तो त्याचाच होता.

मासिकाचा तो अंक माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. तो फाडू नये. कलम पाचची एक प्रत त्यात घालून ठेवावी, म्हणजे जो एक वाचेल तो दुसरेही वाचेल.

फक्त माझ्या आवाजाची जी प्रत केली आहे, ती मुलीला, आणि तिला एकटीलाच. ती तिने हवी तेव्हा, हवी तितक्यांदा ऐकावी. शेवटचे बोलणेही ऐकावे, तिचे बाबा कुणावर रागावले होते ते विसरू नये, आणि तरी मला फोन करत होती तशीच मनातल्या मनात करत राहावी. तिच्या मुलांना ऐकवायचे की नाही, ते तिने ठरवावे. त्या बाबतीत मी काही सांगणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

खालमान्या साक्षीदार असल्यामुळे त्याला या कागदाने काहीही मिळत नाही.

ठिकाण: माझे राहते घर, लाँड्रीच्या वर, जेवणाचे टेबल.
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार, सकाळी अकरा वाजता.

सही: लिहून ठेवणारी, 'वाफ'ची गायिका

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार पहिला: आमचे घरचे डॉक्टर. यांनी नाडी पाहिली, शुद्धीची खात्री केली, मजकूर वाचलेला नाही. (सही)

साक्षीदार दुसरा: शिलाई मशीन दुरुस्त करणारा, 'वाफ'चा गिटारवादक. (सही, आणि खाली त्याच्याच अक्षरात)

सगळं वाचलं. बरोबर आहे. ती म्हणाली होती, आवाज नसला तरी चालेल. मी ठेवला.